घरोघरी एलईडीच्या चुली

बोरिवली (पूर्व),
आषाढातला एक ओला रविवार

आमच्या हॉलच्या भिंतीचे शिल्पकार, श्री. इंटिरियर डिझायनर यांस,
स. न. वि. वि.

पत्रास कारण की, गेल्या वर्षी आपण आमच्या घरात लावलेली आग अजून विझलेली नाही. विझणार तरी कशी? ती पेटलीच कुठे होती? काचेमागे नारिंगी दिवे, त्यांच्यापुढे प्लास्टिकचे दोन ओंडके, आणि मागे चकचकीत पट्ट्या लावलेला एक दांडा फिरतो, की ज्वाळा नाचतात. रिमोटवर तीन रंग आहेत. जांभळी आग मी आयुष्यात पहिल्यांदा पाहिली, तीही स्वतःच्या खर्चानं.

आपण पहिल्यांदा आलात तो दिवस मला स्वच्छ आठवतो. चपला बाहेर काढल्यात, पाणी प्यायलात, दहा बाय सोळाच्या आमच्या हॉलच्या मधोमध उभे राहिलात, डॉक्टर एक्स-रे बघतात तशी एकेक भिंत बघितलीत आणि म्हणालात, ‘‘सर, या हॉलला फोकल पॉइंटच नाहीये.’’ मी घाबरलो. तीसेक वर्षं मी या हॉलमध्ये फोकल पॉइंटशिवाय चहा पीत होतो, आणि घरातल्या कुणाला त्याचा पत्ताच नव्हता.

त्या भिंतीवर तेव्हा काय होतं, ते आपण डेब्रिजच्या गोण्यांत भरून पाठवलंत, म्हणून इथे नोंदवून ठेवतो. सागवानी शोकेस. तिच्या पोटात टीव्ही, डोक्यावर गणपतीची वर्षाची जागा. डावीकडे वडिलांची तसबीर. उजवीकडे पाच मिनिटं पुढे लावलेलं घड्याळ, कारण आठ-सातची लोकल. आणि त्याखाली कालनिर्णय. ते निघालं १९७३ साली, तेव्हापासून आमच्याकडे आहे. १९९१ मध्ये गिरगावच्या चाळीतून इथे आलो, त्या दिवशी टेंपोतलं सामान उतरायच्या आधी पहिला खिळा ठोकला तो त्याच्यासाठी. त्याच्या पानांवर दुधाचे खाडे, गॅसचा नंबर लावल्याची तारीख आणि मुलीच्या परीक्षा. घरातलं प्रत्येक माणूस दिवसातून एकदा तरी त्या भिंतीपाशी येऊन उभं राहायचं. यालाच फोकल पॉइंट म्हणतात असं मला वाटलं होतं. पण मी बँकेतला माणूस, माझं काय ऐकायचं!

मुंबईच्या थंडीबद्दल आपला अभ्यास दांडगा आहे. ‘‘नॅशनल पार्क जवळ आहे ना सर, इकडे विंटर छान असतो,’’ असं आपण म्हणालात. असतो की! जानेवारीत चार दिवस पंखा तीनवरून एकवर येतो, सौ. शाल काढते आणि सोसायटीचा वॉचमन माकडटोपी घालतो. सांताक्रूझच्या वेधशाळेतला थंडीचा विक्रम आहे २२ जानेवारी १९६२ चा, ७.४ अंशांचा. त्या रात्री आपण ही भिंत घेऊन आला असता, तर घरच्यांनी आपल्याला आत घेऊन चहा पाजला असता. पण तेव्हा आपला जन्म झालेला नव्हता आणि मी चार वर्षांचा, गिरगावात आजीच्या गोधडीत होतो. साठ वर्षं उशिरा आपण मदतीला धावलात. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी, असं आपल्याकडे म्हणतात. आपल्या बाबतीत बंबाच्या जागी आगच पत्ता चुकली.

आपल्या आगीचं कूळही मी शोधून काढलं. १९६६ सालच्या ख्रिसमसच्या आदल्या रात्री न्यूयॉर्कच्या डब्ल्यूपीआयएक्स वाहिनीनं जाहिराती बाजूला ठेवून टीव्हीवर नुसता एक जळता ओंडका दाखवला. शहरातल्या फ्लॅटमध्ये राहणाऱ्या, घरात शेकोटी नसलेल्या लोकांसाठी. मला ते पटलं. बाहेर बर्फ, आजोळच्या घरात खरी शेकोटी पाहिलेली, त्यांना आठवण येणारच. आमच्या महाबळेश्वर-पाचगणीच्या जुन्या साहेबी बंगल्यांतही शेकोट्या आहेत. तिथे त्या शोभतात आणि लागतातही. पण बोरिवलीत, हॉलमध्ये एसी चोवीसवर चालू असताना, त्याच्या बरोबर समोर आग? ही नक्की कुणाची आठवण म्हणून पेटवायची?

कारण आमच्या घरात आगीची खरी आठवण एकाच व्यक्तीपाशी आहे. माझी आई, वय अठ्ठ्याऐंशी, माहेर राजापूर तालुक्यातलं. चूल, चुलीशेजारचा वैल, पावसाळ्यातली ओली लाकडं, फुंकणी आणि डोळ्यांतून घळाघळा पाणी. आगीची हौस तिला कधीच नव्हती. घरात गॅस आला त्या दिवशी तिनं सिलिंडरला हळदकुंकू वाहिलं होतं. आपण भिंत आमच्या ताब्यात दिलीत त्या संध्याकाळी ती काठी टेकत आली आणि बराच वेळ बघत राहिली.

‘‘हॉलात चूल कशाला मांडलीस रे?’’
‘‘शोभेची आहे, आई.’’
‘‘दूध तापतं हिच्यावर?’’
‘‘नाही.’’
‘‘आंघोळीचं पाणी?’’
‘‘नाही.’’
‘‘मग मेली करते तरी काय?’’

मला उत्तर देता आलं नाही. आपल्याला सुचलं तर कळवावं.

ज्वाळांभोवती आपण ‘नॅचरल स्टोन’चे तक्ते चिकटवलेत. हातानं ठोकले तर पत्र्याच्या डब्यासारखे वाजतात. खरा दगड आणि खरी आग एकत्र पाहायची असेल, तर अंधेरी पश्चिमेला गिल्बर्ट हिलपाशी जाऊन या. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा काळा कातळ, दोनशे फुटांच्या आसपास उंच, आता इमारतींच्या गराड्यात उभा आहे. उपनगरांना हवी तेवढी आग तेव्हाच लागून गेली. आता त्या कातळावर गावदेवीचं देऊळ आहे. अंधेरी लांब वाटत असेल, तर घरामागे कान्हेरी आहे. शंभरावर लेणी. भिक्षूंनी बसायला दगडी ओटे कोरले, झोपायला खोल्या कोरल्या, पावसाचं पाणी साठवायला जागोजागी पोढी खोदल्या. मी तिथे पन्नास वेळा गेलो असेन, पण मला शेकोटीचा कोनाडा कुठे दिसला नाही. आपल्यासारखा डिझायनर त्यांना मिळाला नाही. त्यांना एवढंच कळलं होतं, की इथे माणसाला सांभाळायचं ते पावसापासून.

आता सजावटीकडे वळू. आपल्या कॅटलॉगात शेकोटीवरच्या फळीसाठी काय काय होतं! पॅम्पास गवताचा तुरा, तीन कमीजास्त उंचीच्या मेणबत्त्या, कणे भिंतीकडे फिरवून ठेवलेली पुस्तकं (म्हणजे कुणाला चुकून नाव दिसून वाचायची इच्छा होऊ नये), वर सोनेरी किरणांचा आरसा. गवत श्रावणात झडू लागलं आणि सौ.नं ते केरसुणी समजून मोलकरणीच्या हवाली केलं. सध्या त्या आठ इंची फळीवर डावीकडून उजवीकडे असा ऐवज आहे: आईची बीपीची गोळी, व्हिक्स, तीन रिमोट, दोन चार्जर, सोसायटीच्या मेंटेनन्सची पावती, स्कूटरची किल्ली, आणि कुठला ते कुणालाच न आठवणारा एक स्क्रू. कालनिर्णयाला खिळा ठोकायची सोय नाही, तक्ता तडकतो. ते आता फ्रिजच्या पाठीमागे लटकतं आणि आम्ही एकादश्या विसरतो.

आपण वारली चित्रांचं स्टिकरही सुचवलं होतंत, सोफ्याच्या करड्या रंगाला जुळेल असं. वारल्यांच्या चित्रात आधी भिंत सारवतात, गेरूनं रंगवतात, मग तांदळाच्या पिठीनं चितारतात. लग्नाचा चौक तर घरी लग्न असेल तेव्हाच लिहितात. डहाणूकडच्या जिव्या सोमा मशे यांनी ही चित्रं भिंतीवरून कागदावर आणून जगभर पोचवली. २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली. वारल्यांचे पाडे आमच्या याच नॅशनल पार्कात आणि आरेत आहेत, रिक्षानं जाता येतं. तिथल्या कुणाला मानानं बोलावून, मोबदला देऊन भिंत रंगवून घेतली असती, तर मी आपले पाय धरले असते. पण आपल्याला तारपा नाचही रोलमध्ये हवा होता, मीटरच्या भावानं.

टीव्ही आपण ज्वाळांच्या वर टांगलात. सोफ्यावर बसलेल्या माणसाची नजर जमिनीपासून साधारण साडेतीन फुटांवर असते. टीव्हीचा मध्य आपण साडेपाचांवर नेलात. आम्ही बातम्या आता गच्चीतून पतंग बघावा तशा बघतो. मानेचा पट्टा बिलात धरला नव्हता, तो मी वेगळा घेतला. शिवाय हे सगळं बसवायला भिंत दहा इंच पुढे आणलीत. आठ फूट रुंदी धरली, तर साडेसहा चौरस फुटांहून जास्त जागा ज्वाळांना गेली. बोरिवलीचा भाव आपल्याला माहीत आहे. आमच्या घरातल्या सर्वांत महागड्या जागेवर दोन प्लास्टिकचे ओंडके राहतात आणि मेंटेनन्स मी भरतो.

गणपतीत काय झालं ते आपल्याला कुणी सांगितलं नसेल. शोकेस गेलेली, म्हणून मूर्ती फळीवर ठेवायला गेलो. मूर्ती फूटभर, फळी आठ इंच. शेवटी शेकोटीसमोर चौरंग मांडला. २०१८ मध्ये थर्माकोलवर बंदी आल्यापासून आमचं मखर कागदाचं असतं. ते लावलं, आणि नातवंडांच्या पिढीतल्या कुणीतरी हळूच रिमोट दाबला. बाप्पांच्या मागे जांभळा वणवा! आरतीला आलेले शेजारी म्हणाले, ‘‘यंदा होम केलात वाटतं?’’ आईनं आपली ठेवणीतली नऊवारी त्या आगीवर टाकली. आपल्या कामाला मिळालेली ती सर्वांत सुंदर सजावट होती, हे मी प्रामाणिकपणे सांगतो.

जानेवारीत, ते चार दिवस आले तेव्हा, पैसे वसूल करायचे म्हणून मी शेकोटीतल्या हीटरचं बटण दाबलं. पंधराशे वॉटचा हीटर, म्हणजे साडेसहा अँपिअर, तासाला दीड युनिट. आणि आपण त्याला दिलेला सॉकेट सहा अँपिअरचा. चौथ्या दिवशी बोर्डातून वास आला, मग धूर, मग एक छोटीशी, पिवळी, अगदी खरी ज्वाळा. सगळं घर तिच्याभोवती जमलं. फोकल पॉइंट म्हणजे काय, ते मला त्या क्षणी कळलं. वायरमननं नवी वायर ओढून सोळा अँपिअरचा सॉकेट बसवला आणि जाताना विचारलं, ‘‘काका, तुम्हाला थंडी वाजते का?’’

जूनमध्ये शेवटचा पडदा उघडला. ती भिंत पश्चिमेची. सांताक्रूझला चार महिन्यांत सव्वादोन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस होतो, आणि २६ जुलै २००५ ला एका दिवसात ९४४ मिलिमीटर झाला होता. तेव्हापासून त्या भिंतीला ओल आहे, हे मी आपल्याला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. आपण ओल काढली नाहीत, झाकलीत. तीही एमडीएफनं, जे पाणी प्यायलं की जत्रेतल्या पुरीसारखं फुगतं. तक्ते सुटले, आणि मागून जुनी भिंत दिसू लागली: पोपडे, बुरशी, आणि उजवीकडे आमचा १९९१ चा खिळा. गंजलेला, पण जागच्या जागी. मी त्याला नमस्कार केला.

आपलं बिल एक लाख पंच्याऐंशी हजारांचं होतं. या आगीवर दूध तापत नाही, पाणी तापत नाही. पोळी मात्र भाजता येते, आणि ती आपण भाजून घेतलीत.

इथे पत्र संपवणार होतो. पण खोटं बोलून संपवणं बरं नाही.

मुलगी बाळंतपणाला माहेरी आली आहे. तीन आठवड्यांपूर्वी नात झाली. आषाढाचा पाऊस, आठ दिवस ऊन नाही, आणि दिवसाला वीस लंगोट, आठ दुपटी. घरभर ओले कपडे, पंख्याखालीही दमट वास. चौथ्या दिवशी आई काठी टेकत हॉलमध्ये आली. पूर्वी बाळंतिणीच्या खोलीत शेगडी असायची. तिच्यावर टोपली पालथी घालून दुपटी वाळवायचे, ओव्याची धुरी द्यायचे. तिनं आपल्या शेकोटीकडे पाहिलं आणि मला म्हणाली, ‘‘लाव ती मेली.’’

आता हीटरपासून चार फुटांवर, दारापर्यंत दोरी बांधली आहे. एक टोक १९९१ च्या खिळ्याला. दोरीवर लंगोट, झबली, टोपडी. आई खुर्ची टाकून राखणीला बसते, दर दहा मिनिटांनी एकेक दुपटं उलटते आणि ऊन ऊन झालं की गालाला लावून बघते. नाचणाऱ्या ज्वाळा तिनं बंद करायला लावल्या. ‘‘पोरीच्या डोळ्यांवर येतात,’’ म्हणाली. नुसती ऊब चालू असते. बघायला येणारी माणसं भिंतीकडे ढुंकूनही बघत नाहीत, वाकून दुपट्यातल्या पोरीकडे बघतात.

तेव्हा गैरसमज नसावा. पुढचं काम घ्याल त्या घरी एवढंच विचारा, की या भिंतीपाशी रोज कोण येऊन उभं राहतं आणि कशासाठी. मग तिथे काय लावायचं ते लावा. आमची भिंत पाऊस थांबला की मी उघडी करणार आहे. आधी ओल काढणार, मग तोच खिळा घासूनपुसून त्यावर कालनिर्णय. पॅनेलं घेऊन जायला टेंपो पाठवा. यंत्र मात्र मिळणार नाही, ते आईनं ठेवून घेतलंय.

कळावे, लोभ होताच, आता वाढवू नये.

आपला,
फोकल पॉइंट सापडलेला,
एक ग्राहक

ता. क. आईचा निरोप आहे: पुढच्या खेपेला चुलीला वैल ठेवा.