फेयोलच्या चौदा आज्ञा

मला ख्रिस्ती विद्यापीठात घालायचा निर्णय आमच्या अण्णांचा, आणि अण्णा माळकरी. बार्शीत आमची भुसार मालाची आडत आहे. पोरगं पुढे आडत चालवील की विकून खाईल, या काळजीत ते असताना कुणीतरी सांगितलं, की पुण्यात सेव्हन्थ-डे ॲडव्हेंटिस्ट पंथाचं एक विद्यापीठ आहे. मेसमध्ये मांस-मच्छी शिजत नाही, दारू-तंबाखूचं नाव काढायचं नाही, सकाळ-संध्याकाळ प्रार्थना. "पोराला बिघडायला जागाच ठेवलेली नाही," म्हणून अण्णा खूश झाले आणि प्रवेश घ्यायला स्वतः सोबत आले. मेसमध्ये जेवले. आमटीला नावं ठेवली नाहीत, हा त्यांच्याकडून मिळणारा सर्वोच्च सन्मान. मग हात पुसत म्हणाले, "आता चहा सांग."

तेव्हा उलगडा झाला, की या पंथात चहा-कॉफीही वर्ज्य. अण्णा बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "माळ घातली तेव्हा आम्हालासुद्धा महाराजांनी एवढं सोडायला लावलं नव्हतं." पण फी भरून झाली होती, आणि भरलेले पैसे वाया घालवणं आमच्या घराण्यात मांसाहाराहून मोठं पाप.

अशा रीतीने मी बीबीएला बसलो. 'प्रिन्सिपल्स ऑफ मॅनेजमेंट' शिकवणारे सर तेलुगू होते आणि तासाची सुरुवात प्रार्थनेने करत. आमच्यासमोर दोन पुस्तकं असत, एक मॅनेजमेंटचं, दुसरं बायबल. गंमत अशी, की ज्याच्यावर श्रद्धा ठेवायची त्या पुस्तकाची सर चिरफाड करत, आणि ज्याची चिरफाड करायची ते पुस्तक आम्हाला परीक्षेसाठी श्रद्धेने पाठ करावं लागे. मोझेसच्या आज्ञा दहा, आन्री फेयोलची तत्त्वं चौदा. फेयोल हा फ्रान्समधला खाण इंजिनिअर. बुडायला आलेली कंपनी त्याने सावरली आणि १९१६ मध्ये आपलं शहाणपण छापलं. बिचाऱ्याने त्यात स्पष्ट लिहून ठेवलंय, की तत्त्वांच्या संख्येला मर्यादा नाही आणि ती लवचीक असतात. पेपर तपासणाऱ्यांपर्यंत ही सुवार्ता अजून पोहोचलेली नाही. तेरा लिहिली की गुण कापतात, पंधरावं लिहिलं तर पाखंड.

फेयोलचं एक तत्त्व असं, की माणसाला हुकूम एकाच वरिष्ठाकडून मिळावा. सरांनी लगेच मत्तयाचा सहावा अध्याय काढला. कोणीही दोन धन्यांची चाकरी करू शकत नाही, हे येशूने आधीच सांगून ठेवलंय. मी हात वर केला. आमच्या आडतीत अण्णा, दोन चुलते आणि आजी असे चार धनी आहेत आणि हमाल सगळ्यांची चाकरी करतो. सरांनी विचारलं, "मग तो ऐकतो कुणाचं?" मी म्हणालो, "कुणाचंच नाही, म्हणून तर टिकलाय."

सरांचा लाडका अध्याय मात्र निर्गमाचा अठरावा. मोझेस सकाळपासून संध्याकाळपर्यंत एकटाच न्यायनिवाडे करत बसलेला, लोक ताटकळत उभे. तेवढ्यात सासरे येतात, नाव इथ्रो. जावयाचा कारभार दिवसभर बघतात आणि सांगतात, अशाने तूही झिजशील आणि लोकही. हजारांवर, शंभरांवर, पन्नासांवर, दहांवर एकेक माणूस नेम, मोठं प्रकरण असेल तेवढंच स्वतःकडे घे. अधिकारांची वाटणी, देखरेखीचा आवाका, सगळं एका मुक्कामात. सर म्हणत, हा जगातला पहिला सल्लागार. मला पटलं, कारण सल्ला देऊन झाल्यावर, पुढे त्याचं काय होतं हे बघायला न थांबता, इथ्रो आपल्या गावी निघून गेला. फी घेतल्याचा उल्लेख नाही, एवढाच काय तो फरक.

मग टेलर आला. फ्रेडरिक टेलर, घड्याळ लावून मजुरांच्या हालचाली मोजणारा. त्याचा गाजलेला प्रयोग बेथलेहेम स्टील कंपनीतला. हे नाव फळ्यावर आलं आणि वर्गात चुळबुळ सुरू झाली. माझ्या मिझो रूममेटचं बायबल मुखोद्गत होतं. प्रभूच्या जन्मगावी पोलादाचा कारखाना कधी निघाला, असं त्याने काळजीने विचारलं. सर खुलले. हे बेथलेहेम अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातलं. मोराव्हियन पंथाच्या मिशनऱ्यांनी वसाहत केली, १७४१ च्या नाताळच्या आदल्या रात्री नाव ठेवलं. दीडशे वर्षांनी त्याच गावात टेलर घड्याळ घेऊन उभा राहिला. त्याच्या पुस्तकातला श्मिट नावाचा मजूर दिवसाला साडेबारा टन कच्चं लोखंड उचलायचा, तो सत्तेचाळीस टन उचलायला लागला. मजुरी एक डॉलर पंधरा सेंटवरून एक डॉलर पंच्याऐंशी. हे आकडे मी फोनवर अण्णांना सांगितले. अण्णांनी तोंडी हिशेब केला, "काम पावणेचार पट, पगार दीडपटीच्या जरा वर. हा टेलर ख्रिस्ती होता?" म्हटलं, क्वेकर घराण्यातला. "मग त्याला तुमच्या त्या प्रार्थनेला बसवायला पाहिजे होतं."

पण टेलरच्या बाजूनेही एक मुद्दा आहे, आणि तो मला शनिवारी सुचला. ॲडव्हेंटिस्टांचा शब्बाथ शुक्रवारी सूर्यास्ताला लागतो आणि शनिवारी सूर्यास्ताला सुटतो. त्यात अभ्यास नाही, खरेदी नाही, कपडे धुणं नाही. त्यामुळे शुक्रवारी दुपारी सगळ्या होस्टेलची जी धांदल उडायची, ती बघायला फेयोललाच बोलवायला हवं होतं. बादल्यांसाठी रांग, इस्त्रीसाठी रांग, न्हाव्याकडे रांग. नियोजनाचं प्रकरण मी वाचलं पुस्तकात, पण शिकलो त्या दुपारी. सूर्य मुदतवाढ देत नाही. मग दुसऱ्या दिवशी नुसतं पडून राहायचं, तेही पुण्य म्हणून. असाच पडलेला असताना मी आकडेमोड केली (मनातल्या मनात, वही उघडली नाही). देवाने माणसाला सातांत एक दिवस विश्रांती दिली, म्हणजे शेकडा चौदा. टेलरचं गणित असं, की तेवढं वजन उचलणाऱ्याने दिवसाच्या शेकडा त्रेचाळीस वेळातच ओझं घ्यावं, बाकीचा सत्तावन्न मोकळ्या हातांनी काढावा. म्हणजे विश्रांतीच्या बाबतीत टेलर देवापेक्षा चौपट उदार निघाला. सरांना हे सांगितलं. ते म्हणाले, देव टनावारी मोजत नाही.

खरी मजा दाखल्यांची. मॅनेजमेंटच्या पुस्तकात सगळे मालक समंजस आणि सगळे कामगार प्रोत्साहनाच्या प्रतीक्षेत. येशूच्या दाखल्यांत मात्र लबाड मुनीम, रुसलेले मजूर, बुडवे कुळवाडी, सगळी ओळखीची माणसं. शंभर मेंढरांतलं एक हरवलं तर नव्व्याण्णव रानात सोडून त्याला शोधायला निघणारा मेंढपाळ ऐकून अण्णा म्हणाले, "भुसारात शेकडा एक घट धरूनच चालतो आपण. शोधायला निघालो तर उंदरांच्या मागे हिंडावं लागेल."

द्राक्षमळ्याच्या दाखल्यावर वर्गात भांडण पेटलं. मालक पहाटे मजूर लावतो, दुपारी आणखी लावतो, दिवस मावळायला तासभर असतानाही लावतो, आणि संध्याकाळी सगळ्यांना सारखीच मजुरी देतो. फेयोलच्या न्याय्य मोबदल्याचं पार वाटोळं. माझा आक्षेप वेगळा होता. मालक पैसे वाटायला शेवटच्या माणसापासून सुरुवात करतो. पहाटेवाल्यांना आधी देऊन वाटेला लावलं असतं, तर कुणाला काही कळलंच नसतं. पगाराची गुप्तता ही काय चीज आहे, ते या मालकाला ठाऊक नव्हतं. वर्ग माझ्या बाजूने झाला. रात्री मोठ्या ऐटीत अण्णांना दाखला ऐकवला. वाटलं, आडत्या माणूस, माझीच बाजू घेणार.

अण्णा म्हणाले, "तू सकाळी यार्डात गेलायस कधी? हमाल उभे असतात. पहिले कोण उचलले जातात? तरणे. संध्याकाळपर्यंत कोण उरतो? म्हातारा, नाहीतर खांदा दुखावलेला. घरी खाणारी तोंडं त्यालाही तेवढीच." आणि फोन ठेवला. पुढच्या तासाला मी हे माझंच म्हणून सांगितलं आणि सरांनी शाबासकी दिली.

न्याहारीचा प्रसंगही इथे सांगितला पाहिजे, कारण कॉर्नफ्लेक्स हा या पंथाच्या घरातला पदार्थ. अमेरिकेत बॅटल क्रीकला ॲडव्हेंटिस्टांचं मोठं आरोग्यधाम होतं. डॉक्टर जॉन केलॉग ते चालवत आणि धाकटा भाऊ विल हिशेब सांभाळत राबत असे. रुग्णांना पचायला हलकं काहीतरी करायच्या खटपटीत दोघांना धान्याचे पापुद्रे गवसले. धाकट्याला त्यात साखर घालून विकायचे होते, थोरल्याला साखर म्हणजे विष. शेवटी १९०६ मध्ये धाकट्याने वेगळी कंपनी काढली आणि पुढे घराण्याच्या नावावरून दोघं भाऊ कोर्टात. सरांना यातून उत्पादनातलं वेगळेपण शिकवायचं होतं. अण्णांनी ऐकून एवढंच विचारलं, "धाकट्याची वाटणी आधीच का नाही केली?" आणि मग जरा थांबून, "हे तुझ्या काकांना सांगू नकोस."

चहाची सोय कॉलेजच्या फाटकाबाहेर टपरीवर होती, हे वेगळं सांगायला नको. पुस्तकात तिला अनौपचारिक संघटना म्हणतात आणि औपचारिक संघटनेइतकीच महत्त्वाची मानतात. आम्ही तिचा अभ्यास मन लावून केला.

शेवटच्या वर्षी तक्रार-निवारण यंत्रणा या विषयावर मला बोलायचं होतं. अण्णांना विचारलं. ते वारीतला माणूस. म्हणाले, "माउलींच्या पालखीचा मुक्कामाचा तळ बघ. समाजआरतीला सगळ्या दिंड्या गोल उभ्या राहतात. चोपदार दंड उंचावतो आणि टाळ थांबतात. ज्या दिंडीची तक्रार असेल ती मात्र टाळ वाजवत राहते. चोपदार तिथे जातो, गाऱ्हाणं ऐकतो, निवाडा होतो, मगच आरती." ही शिस्त हैबतबाबा आरफळकरांनी लावली, ते शिंद्यांच्या पदरी सरदार होते, हेही सांगितलं. मी ते जसंच्या तसं वर्गात मांडलं. सर खुर्चीतून उठून उभे राहिले. आयुष्यभर इथ्रो शिकवणाऱ्या माणसाला दुसरा इथ्रो भेटला होता. त्यांनी विचारलं, तक्रार खोटी असली तर? अण्णांना विचारून सांगतो म्हणालो. अण्णांचं उत्तर आलं, "वीस मैल चालल्यावर खोटी तक्रार करायला कुणाला जोर असतो?"

पदवी घेऊन परत आलो आणि आडतीवर बसलो. दुपारी गिऱ्हाईक नसताना आमच्या दिवाणजींना लूकच्या सोळाव्या अध्यायातला दाखला सांगितला. एका कारभाऱ्याची नोकरी जाणार असते. पुढची सोय म्हणून तो मालकाच्या देणेकऱ्यांना बोलावतो. शंभर मापं तेल देणं असेल त्याला म्हणतो, पन्नास लिही. शंभर मापं गहू असतील त्याला म्हणतो, ऐंशी लिही. आणि मालकाला कळल्यावर मालक त्याच्या हुशारीचं कौतुक करतो. दिवाणजी तीस वर्षांपासून आमच्याकडे, अण्णांच्या विश्वासातले. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

"धाकटे मालक, गव्हाचं बरोबर आहे त्याचं. पण तेलाचे एकदम पन्नास? अंगलट येतं ते. मी पंच्याऐंशीच्या खाली कधी गेलो नाही."

अण्णा गादीवर डोळे मिटून पडले होते. तेव्हापासून दर शुक्रवारी सूर्यास्ताच्या आत चोपड्या अण्णा स्वतः तपासतात.