देवा, पानं वाईट दे

पोकरच्या स्पर्धेत रात्र चढत जाईल तशी 'देवा, आता पानं वाईट दे' अशी विनवणी करणारा माणूस माझ्या सासुरवाडीत आहे. माझा मेहुणा. विम्यात नोकरीला असल्यामुळे तो धोक्यावर तासभर बोलतो आणि पत्करायची वेळ आली की घामाघूम होतो. "दाजी, सत्ती-दुर्री आली की कसं मोकळं वाटतं! टाकली, चहा मागवला. वाईट पानं म्हणजे रविवार. कुणी काही विचारत नाही."

त्याच्याबरोबर एकदा पणजीला गेलो होतो. स्पर्धा मांडवीत नांगरलेल्या बोटीवर. गोव्यात जुगाराविरुद्ध 1976 चा कायदा आहे. 1992 मध्ये त्याला पंचतारांकित हॉटेलांपुरती फट पडली आणि 1996 मध्ये ती फट पाण्यापर्यंत गेली. म्हणून आधी लहान बोटीत बसायचं, तिथून मोठ्या बोटीवर चढायचं, आणि मोठी बोट काही केल्या जागची हलत नाही.

संध्याकाळी सगळेच सावकार असतात. पण ब्लाइंड ठरावीक वेळाने वाढतात. मध्यरात्री ते दहा हजार-वीस हजारांवर गेले, वर वीस हजारांची अँटी. म्हणजे काही न खेळता नुसतं बसून राहायचं भाडं फेरीला पन्नास हजार. मेहुण्यासमोर दोन लाखांच्या चिपा. भागाकार चार. या आकड्याला 'एम' म्हणतात, पॉल मॅग्रिएल या बॅकगॅमनपटूच्या नावावरून. 1995 चा जगज्जेता डॅन हॅरिंग्टन याच्या पुस्तकांमुळे तो सगळ्यांच्या तोंडी झाला. पाचाच्या खाली गेलात की दोनच मार्ग: सगळं लावा, नाहीतर पानं टाका. दोन लाख असूनही दरिद्री असणं काय असतं, ते मी त्या खुर्चीमागे उभं राहून पाहिलं.

आणि आले की एक्के! जोडीने. ही जोडी सरासरी 221 डावांत एकदा येते. समोर बादशहांची जोडी असली तरी शंभरातल्या ऐंशीहून अधिक वेळा एक्केच जिंकतात. मेहुण्याने आवाज शक्य तितका कंटाळवाणा करून "ऑल इन" म्हटलं. पण बराच वेळ पोक काढून बसलेला माणूस त्याआधी एकदम ताठ झाला होता, तेवढं टेबलाला पुरलं. सगळ्यांनी पानं टाकली. हाती आले पन्नास हजार, म्हणजे एका फेरीचं भाडं. डोक्यावर टोपी ओढून बसलेला दिल्लीचा पोरगा म्हणाला, "नाइस हँड, अंकल." चाळिशीतल्या माणसाला हे 'अंकल' फार लागतं.

एक्का-बादशहाचं दुखणं निराळं. आपण होऊन सगळं लावायला सुरेख. पण दुसऱ्याने लावल्यावर पुढे सरकायचं तर हातात अजून काहीच नसतं. वेगवेगळ्या रंगांचे असतील तर दुर्रीची क्षुल्लक जोडीही कागदोपत्री त्यांच्या किंचित पुढे.

पण माणसाला खरं छळतात ते गुलाम. टाकवत नाहीत आणि खेळवतही नाहीत. पहिली तीन पानं उघडली की शंभरातल्या सत्तावन्न वेळा त्यांत राणी, बादशहा किंवा एक्का, कोणी ना कोणी वरचढ निघतंच.

ते आले नेमके बक्षिसाच्या उंबरठ्यावर. बक्षिसं अठरा, उरलेले एकोणीस. अशा वेळी सगळ्या टेबलांवर एकेक डाव बरोबरीने चालवतात, नाहीतर लोक बाटलीचं झाकण उघडायलाही मिनिट घेतात. शेजारच्या टेबलावर एकाकडे जेमतेम एक ब्लाइंड उरला होता; सगळे त्याच्या मरणाकडे डोळे लावून. तेवढ्यात टोपीवाल्याने चिपांचा डोंगर पुढे ढकलला.

मेहुण्याने गुलामांचे कोपरे उचलून पाहिले. ठेवले. पुन्हा उचलून पाहिले. जणू मधल्या काळात त्यांना बढती मिळाली असेल. जिंकलेल्या चिपांनी पदरात पडतं त्यापेक्षा गमावलेल्या चिपांनी जास्त जातं, हा या घडीचा हिशोब त्याला पाठ होता. कोणीतरी "क्लॉक" म्हणालं. कर्मचारी सेकंद मोजू लागला. शेवटच्या सेकंदाला मेहुण्याने पानं उपडी सरकवली.

टोपीवाल्याने आपली दाखवली नाहीत. दोन डावांनी शेजारचा गेला, मेहुण्याला शेवटच्या क्रमांकाचं बक्षीस मिळालं आणि फी भागून वर मासळीच्या जेवणाचे पैसे सुटले.

अजूनही मुंजीत, बारशात, एकदा तर दहाव्याला, तो मला बाजूला घेतो. "दाजी, काय असेल हो त्याच्याकडे?"

"राण्या," मी ठामपणे सांगतो. "जोडी." बायकोची तशी ताकीद आहे.