कार्यवाही

अण्णांचा ई-मेल हॅक झाला, हे आम्हाला मनिलाहून कळलं. ‘फिलिपिन्समध्ये अडकलो आहे, पाकीट आणि पासपोर्ट चोरीला गेला, हॉटेलवाला सोडत नाही, ताबडतोब पैसे पाठव’ असा निरोप सकाळी सहाला माझ्या फोनवर आला, तेव्हा अण्णा समोरच्या गॅलरीत बनियनवर उभे राहून तुळशीला पाणी घालत होते. मी हात केला. त्यांनी तांब्या उंचावला. मी चहा प्यायला आत गेलो.

निवृत्त हेडक्लार्क ही जात डोंबिवलीत बिल्डिंगमागे एक या प्रमाणात आढळते. खुर्ची सुटून बारा वर्षं झाली तरी खुर्ची त्यांना सोडत नाही. अण्णांनी एकदा दूधवाल्याला दिलेली चिठ्ठी मी पाहिली आहे: ‘विषय: पिशवी गळत असल्याबाबत. संदर्भ: आपले कालचे दूध.’ उशीची खोळ बदलायची तरी काकूंना तोंडी सांगून चालत नाही, स्मरणपत्र लागतं.

असा माणूस फसला कशाला? तर नोटिशीला. ‘आपल्या खात्याची २४ तासांच्या आत पडताळणी न केल्यास ते बंद करण्यात येईल’ असा मेल आला होता. वर संदर्भ क्रमांक, मधे मुदत, खाली पदनाम. उभा जन्म अशाच पत्रांनी जनतेला घाम फोडणारे अण्णा त्या पत्रापुढे तीन मिनिटांत शरण गेले. दिलेल्या लिंकवर पासवर्ड भरला. ‘पुन्हा भरा’ म्हटल्यावर पुन्हा भरला.

“पण मसुदा निर्दोष होता रे,” ते मला म्हणाले. आवाजात राग नव्हता. हाताखाली असा एक माणूस मिळाला असता तर, अशी हळहळ होती.

चोरानं पासवर्ड बदललाच होता, वर रिकव्हरीचा फोन नंबरही स्वतःचा घातला होता. मी सांगितलं, की नंबर असा बदलला तरी आधीच्या नंबरावर कोड मागवण्याची सोय गूगल सात दिवस ठेवतं, फक्त नेहमीच्या घरातून, नेहमीच्या कॉम्प्युटरवरून प्रयत्न केलेला बरा. अण्णांचा चेहरा उजळला. “म्हणजे अपिलाला मुदत आहे!”

अपील मंजूर झालं. जुना पासवर्ड काय होता, हे त्यांनी दार लावून घेऊन माझ्या कानात सांगितलं. निवृत्तीची तारीख. तोच बँकेला, तोच विजेच्या बिलाला, तोच रेल्वेच्या तिकिटाला. हे सगळं एका फुकट मिळालेल्या डायरीत लिहून ठेवलेलं. डायरीला मात्र मी हसलो नाही. कॉम्प्युटरवर पासवर्डची पद्धत आणणाऱ्यांपैकी एक, एमआयटीचे फर्नांडो कॉर्बातो. त्यांनीच २०१४ साली एका मुलाखतीत कबूल केलं होतं, की आपले पासवर्ड आपण टाइप केलेल्या तीन कागदांवर सांभाळतो. हे ऐकल्यावर अण्णांनी कॉर्बातोंची खातेनिहाय ज्येष्ठता विचारली.

खरी गंमत पुढेच होती. नवा पासवर्ड टाकून अण्णा पेढे आणायला निघाले, तेव्हा मी त्यांना थांबवून सेटिंग उघडलं. चोरानं एक फिल्टर बसवून ठेवला होता. ‘बँक’ शब्द असलेला प्रत्येक मेल आधी त्याच्याकडे जाणार आणि इकडे थेट कचऱ्यात पडणार. हे समजवायला मला अर्धा तास लागेल असं वाटलं होतं. अण्णांना अर्धा क्षण लागला.

“म्हणजे कुलूप आपण बदललं, पण आवकच्या टेबलावर शिपाई त्याचाच बसलाय!”

इतकी नेमकी व्याख्या मी कुठल्या तज्ज्ञाकडून ऐकलेली नाही. शिपायाला काढलं, उघडी राहिलेली अनोळखी डिव्हाइसं बंद केली. सुरक्षा-प्रश्नापाशी मात्र गाडी अडली. एका जुन्या खात्यावर ‘पहिली शाळा कोणती’ याचं खरं उत्तर लिहिलेलं होतं. मी सेरा पेलिनबाईंची गोष्ट सांगितली: २००८ साली अमेरिकेच्या उपाध्यक्षपदाला उभ्या होत्या, आणि नवऱ्याची भेट कुठे झाली या प्रश्नाचं उत्तर शोधून एका विद्यार्थ्यानं त्यांचा याहूवरचा मेल उघडला. अशा ठिकाणी खोटंच उत्तर द्यावं. अण्णा ताठ झाले. “सरकारी असो, खासगी असो, फॉर्मवर खोटी माहिती? माझ्या हातून?”

दोन टप्प्यांची पडताळणी त्यांना लगेच आवडली. पासवर्ड ही पहिली सही, फोनवरचा कोड ही दुसरी, दोन सह्यांशिवाय चेक वटत नाही. फोन हरवला तर हाताशी असावेत म्हणून आठ आकड्यांचे दहा बॅकअप कोडही काढून दिले. संध्याकाळी ते कोड लॅमिनेट होऊन, ‘सत्यप्रत’ असा शिक्का बसून, फोटोरूपानं त्यांच्या घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर आले. खाली ओळ: ‘सर्वांच्या माहितीस्तव’. मी धावत जाऊन नवे कोड काढले, म्हणजे जुने आपोआप रद्द होतात. अण्णा लॅमिनेशनच्या खर्चाबद्दल हळहळले.

एवढं होऊनही ते गप्प गप्पच होते. पैसे गेले असले तर सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर फोन करू, असं मी म्हटलं. “पैसे?” ते म्हणाले. “कोणाचे गेले? तेच तर!”

मग त्यांनी कपाटातून एक रजिस्टर काढलं. आखलेले रकाने: अनुक्रमांक, नाव, मेल पोचल्याची वेळ, केलेली कार्यवाही. मनिलाचा मेल दोनशे चौदा जणांना गेला होता. अण्णांनी चार दिवस एकेकाला फोन करून नोंदी घेतल्या होत्या. साडू: ‘हसला.’ पुतण्या: ‘स्क्रीनशॉट इतरत्र पाठवला.’ व्याही: ‘वाचला नाही असे सांगतात. विश्वासार्ह नाही.’

“मी खरंच मनिलात असतो तर?” अण्णा म्हणाले. कल्याणच्या पुढे जायचं तरी ते डबा घेऊन निघतात.

दोनशे चौदांमध्ये एकच नोंद लाल शाईत होती. त्यांच्या ऑफिसातला जुना शिपाई. सकाळी साडेसहाला त्याचा फोन आला होता: “साहेब, किती पाठवू?” याच माणसाला उशिरा येण्याबद्दल त्यांनी तीन मेमो दिले होते. ही बाब अण्णांनी शेऱ्यात प्रामाणिकपणे नमूद केली होती.

रजिस्टर मिटायच्या आत मी माझं नाव शोधलं. अनुक्रमांक सतरा. मेल पोचल्याची वेळ: ६.०२. केलेली कार्यवाही: ‘गॅलरीतून हात केला.’