'अबाउट'चे हाडवैरी

ज्यांच्यासमोर इंग्रजीचे एक वाक्य उच्चारणे म्हणजे शिरस्तेदारापुढे बिनसहीचा अर्ज ठेवणे, अशा गृहस्थांपैकी आमच्या कोनगावाच्या वाट्यास आलेले अण्णा कचेरीतील मसुदे तपासण्यात हयात घालवून निवृत्त झाले असले, तरी 'डिस्कस'च्या पाठोपाठ येणाऱ्या 'अबाउट'शी त्यांचे वैर अद्याप निवृत्त झालेले नाही. आपण 'विषयाबद्दल' चर्चा करतो, म्हणून ते 'बद्दल' इंग्रजीतही आगंतुकासारखे शिरते, हे निदान त्यांना मान्य आहे. माफी मात्र नाही. व्याकरणकर्त्या रेन-मार्टिन जोडीतले रेनसाहेब आपल्याच मुंबई इलाख्याच्या शिक्षणखात्यात नोकरीस होते आणि १९२४ साली त्यांनी 'बो जेस्ट' ही कादंबरी प्रसिद्ध केली, हे अण्णा अशा थाटात सांगतात की, साहेबांनी जाताना दफ्तराच्या किल्ल्या यांच्याच हवाली केल्या असाव्यात.

एकदा दुर्गाडीच्या पुलावर, कंटेनरांच्या रांगेत रिक्षा अडकली असता, शेजारचा तरुण फोनवर आपल्या साहेबांना 'वी विल डिस्कस अबाउट इट' म्हणाला मात्र, 'अबाउट काढा, अबाउट!' अशी अण्णांनी गर्जना केली. आणि कवायतीतला 'अबाउट टर्न' तेवढा ठाऊक असलेल्या रिक्षावाल्याने, भला माणूस, रिक्षा कल्याणकडे वळवली. एका सोयरिकीच्या बैठकीत तर, 'नाउ लेट अस डिस्कस अबाउट मानपान' म्हणणाऱ्या वराच्या मामांना अण्णांनी 'ते वगळून बोला' असे बजावताच वरपक्षाने मानपानच वगळला गेल्याचा ग्रह करून घेतला व चपलांचा शोध सुरू केला.

असे असूनही, रात्री गोदामांतून दमून आलेली पोरे नोकरीचे अर्ज घेऊन यांच्याच ओटीवर बसतात, आणि अण्णा एकेक अर्ज लाल पेन्सिलीने रक्तबंबाळ करून, नंतर तो स्वतःच्या मोत्यासारख्या अक्षरात, स्वतःच्या कागदावर, फुकट उतरवून देतात, हे नाइलाजाने नमूद करणे भाग आहे.

परवा राजनोली नाक्यापासून पुलापर्यंतच्या कोंडीसंबंधी झालेल्या बैठकीचा इंग्रजी वृत्तान्त तपासणीस आला. 'डिस्कस्ड अबाउट द ट्रॅफिक' या शब्दांवर पेन्सिल टेकली. पण रेघ उमटली नाही.

"असू दे," अण्णा म्हणाले. "अबाउट म्हणजे भोवतीच ना? कोंडीला हात कोणी घातला? सगळे तिच्याभोवती फिरून चहा पिऊन गेले."

आणि तो 'अबाउट' त्यांच्या सहीनिशी वरिष्ठ कचेरीकडे रवाना झाला.