पुरवणी मागणी

भिगवणला उजनीच्या काठावर पक्षीनिरीक्षकांच्या दोन जाती दिसतात: स्कोपवाले आणि 'जरा बघू का?'वाले. छोट्या टिलव्याचे पाय काळे आणि टेमिंकच्या टिलव्याचे पिवळसर, हे दोघांनाही पाठ असतं. पण लांबच्या चिखलात ते पाय दिसतात फक्त पहिल्यांना. आमच्या दुर्बिणीची धाव ८-१० पटींची; स्कोप २० पटींपासून सुरू होतो आणि ६०पर्यंत जातो. जात बदलायची हौस दांडगी, ऐपत मात्र सेकंडहँड. म्हणून जुन्या बाजाराकडे मोर्चा वळवला.

या बाजारात वापरलेला स्कोप कुणीच वापरलेला नसतो. एका गृहस्थांनी "नुसता कपाटात होता हो!" असं अभिमानानं सांगितलं. कपाट मुंबईचं, त्यात पावसाळे उलटलेले! मी खिशातून टॉर्च काढून पुढच्या भिंगातून आत उजेड टाकला. कोळ्यानं संसार थाटावा तशी बुरशी पसरली होती.

"डिझाइन आहे ते, कंपनीचंच," गृहस्थ म्हणाले.

दुसऱ्यानं '६० पट, ६० पट' असा जपच लावला. आता ६५ मिमीचं भिंग ६० पटींवर नेलं, की डोळ्यात शिरणारा प्रकाशाचा झोत जेमतेम १ मिमीचा उरतो. २० वर तोच सव्वातीन मिमी असतो. म्हणजे संध्याकाळी पक्षी मोठा दिसणार, पण अंधारात. आणि दुपारी तापलेल्या चिखलावर बगळ्याबरोबर मधली हवाही ६० पट होते, ती काही नाचायची थांबत नाही. भाव मात्र त्या साठाचाच लावलेला.

तिसऱ्या घरी मी गॅलरीतून समोरच्या टाकीवरचा कावळा धरला. उजळ आभाळासमोर काळ्या पिसांना जांभळी किनार दिसली, तर काच साधी समजायची. इथे किनार नावापुरती होती. झूमची कडी या टोकापासून त्या टोकापर्यंत न अडखळता फिरली, कावळ्याची चोच दोन्हीकडे रेखीव राहिली.

"कावळाच बघायचाय तर एवढं कशाला?" विक्रेत्याच्या आई म्हणाल्या. "आमच्या खिडकीत रोज येतो की पोळी खायला."

सौदा जमला. मान वाकडी असलेला, म्हणजे अँगल्ड स्कोप. तो बुटक्या ट्रायपॉडवरही चालतो आणि उंच-ठेंगणे सगळे त्यातून बघू शकतात. घरच्या अर्थसंकल्पात मी फक्त स्कोप मांडला होता. वाऱ्यात न थरथरणारा ट्रायपॉड आणि त्याचं हेड मुद्दामच पुरवणी मागण्यांत ठेवलं.

"अहो, म्हणजे डोळा स्वस्तात आणि पाय महागात?" सभागृहातून प्रश्न आला.

बऱ्याच गदारोळानंतर मागणी मंजूर झाली, एका अटीवर: यापुढे कॅमेऱ्याचं नाव काढायचं नाही. मी तत्काळ कबूल झालो. मोबाइल स्कोपला जोडायचा अडॅप्टर काही कॅमेऱ्यात मोडत नाही.