तांदूळ सांडण्याची फी

विक्रोळीच्या कन्नमवार नगरात दुपारी बालवाडी सुटली, की फाटकाशी ताटकळलेल्या मंडळींचा एकच प्रश्न असतो. "आज काय शिकवलं रे?" पोराचं उत्तरही ठरलेलं. "काही नाही. खेळलो." हे ऐकून आईच्या चेहऱ्यावर वर्षाच्या फीचा भागाकार लख्ख दिसतो.

मला या उत्तराची गंमत वाटते. घरी आजी तांदूळ निवडत असताना नातवानं ताटात हात घातला, तर "सांडशील मेल्या" म्हणून हातावर चापट बसते. शाळेत तेच तांदूळ, तसंच ताट, आणि पोरानं ते एका वाटीतून दुसरीत ओतावेत म्हणून आपण पैसे मोजतो. पैसे भरून सांडले की 'ॲक्टिव्हिटी', फुकट सांडले की मस्ती!

बिचाऱ्या आजीलाच दोष का द्या? दहा बाय बाराच्या खोलीत सांडलेलं भरायचं तिलाच असतं.

खेळातून शिक्षण ही काही काल-परवाची टूम नाही. आपल्याच पूर्व द्रुतगती मार्गालगत, गोदरेजच्या वसाहतीत 1955 साली उदयाचल शाळा निघाली. तिच्या पहिल्या मुख्याध्यापिका कुंवरबाई वकील शांतिनिकेतनात राहून आलेल्या. त्यांच्या पुण्याच्या शाळेत लहानपणी इंदिरा गांधीही शिकल्या होत्या. पण मला जास्त ओढ वाटते ती ताराबाई मोडकांची. भावनगरला गिजुभाई बधेकांबरोबर त्यांनी माँटेसोरी पद्धत मुरवली आणि 1945 साली बोर्डीला खेड्यातल्या मुलांसाठी बालवाडी काढली. तिथं अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या. पुढे काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं. परदेशी महागडी साधनं परवडणार नव्हती, म्हणून शंख-शिंपले, बिया, पानं, खडे, बांबू हीच साधनं झाली. मुलं शाळेत येईनात, तर बाई पाड्यावर गेल्या आणि तिथल्याच अंगणात बसल्या. गुरं राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा निघाली. आंघोळ घालणं आणि केस विंचरणं हासुद्धा तिथं अभ्यासच होता. आज पॅकेटात भरून विकल्या जाणाऱ्या रंगीत मण्यांच्या किमती पाहिल्या, की कोसबाडच्या त्या चिंचोक्यांची आठवण होते.

आपल्याकडे मात्र तिसरं वर्ष लागलं रे लागलं, की पोराच्या हातात पेन्सिल कोंबायची घाई. शेजारच्या विंगेतली पिंकी एबीसीडी लिहिते, आमचा बंड्या अजून माती चिवडतो, ही तक्रार मी जिन्यात नेहमी ऐकतो. आता मनगटात छोटी छोटी आठ हाडं असतात, आणि तीन वर्षांच्या मुलात त्यातली निम्म्याहून अधिक अजून कूर्चाच असतात. तिथं आडव्या रेघांची वही काय कामाची? ते मनगट आणि ती चिमुकली बोटं तयार होतात ती कणीक मळून, मणी ओवून, शर्टाचं बटण स्वतः लावून. बटण लावायला त्याला पाच मिनिटं लागतात, आपल्याला पाच सेकंद, म्हणून आपणच लावतो आणि मग लिखाणाची शिकवणी शोधत हिंडतो.

विक्रोळीला बहुतेक फास्ट लोकल थांबत नाहीत, म्हणून इथला माणूस कधी सीएसएमटीला पोहोचला नाही असं झालेलं नाही. पण हळूहळू पोहोचण्याची ही गोष्ट बाळाच्या बाबतीत कोणी ऐकत नाही. 2020 च्या शैक्षणिक धोरणानं तीन ते आठ वर्षांचा टप्पा खेळावर आधारलेला असावा, असं सांगितलं, तरी आमच्या सोसायटीतल्या आयांच्या ग्रुपवर रोज वर्कशीटचेच फोटो फिरतात.

एवढंच सांगायचं आहे. या थंडीत सोललेला मटार विकत आणू नका. शेंगा आणा, ताट पोरासमोर ठेवा, शेजारी तुम्हीही बसा. निम्मे दाणे त्याच्या पोटात आणि चार सोफ्याखाली गेले, तर हिशोब मागू नका.