पूर्ण झाले, सूचनांसह

आमच्या पतसंस्थेत मी कर्ज विभागाचा कारकून. पण सात वर्षांपूर्वी प्रिंटरमध्ये अडकलेला कागद मी न फाडता बाहेर काढला आणि त्या दिवसापासून संस्थेचा संगणक विभागही मीच आहे. पगार मात्र एकाच विभागाचा.

रोज सकाळी शटर वर गेलं, लक्ष्मीच्या फोटोला उदबत्ती लागली की मॅनेजरसाहेब केबिनमधून विचारतात, ‘‘काय हो, हिरवं आहे ना?’’ हा प्रश्न बॅकअपचा असतो. रात्री साडेअकराला सर्व्हरवरची खाती, कर्जप्रकरणं, ठेवींच्या याद्या नेटवर्कच्या तारेतून पलीकडच्या खोलीतल्या एका काळ्या डब्यात जाऊन बसतात. त्या डब्याला नॅस म्हणतात. आमचा शिपाई ‘नाश’ म्हणतो. त्याला दुरुस्त करणं मी सोडून दिलंय. खंडेनवमीला त्या डब्यावर झेंडूचं फूल ठेवतो, हळदकुंकू लावतो. हवा जाण्याच्या जाळीत थोडं कुंकू अजून आहे.

तर सकाळी पडद्यावर हिरवी खूण असते. मी ‘हो’ म्हणतो. साहेब चहा सांगतात. खुणेखाली बारीक अक्षरात इंग्रजीत एक ओळ असते, तिचा अर्थ साधारण ‘पूर्ण झाले, सूचनांसह’. लग्न पार पडलं, फक्त वरपक्ष जेवायला बसला नाही, अशातला प्रकार. सूचना किती, तर ४३. त्या वाचायला दुसऱ्या ठिकाणी टिचकी मारावी लागते. तोवर काउंटरवर रांग लागलेली असते.

गेल्या श्रावणात सर्व्हरची डिस्क गेली. ‘गेली’ हा आमच्याकडचा तांत्रिक शब्द. नवी डिस्क आली, मी डब्यातून सगळं परत आणायला बसलो आणि रात्री दोनपर्यंत खाती आली, ठेवी आल्या, सोनेतारणही आलं. साहेबांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. मग त्यांनी सभांच्या इतिवृत्तांचं फोल्डर उघडायला सांगितलं. फोल्डर आलं होतं. आत काही नव्हतं.

त्या ४३ सूचना मी तेव्हा वाचल्या. आयुष्यात पहिल्यांदा.

काही सूचना कॅशियर मॅडमच्या होत्या. म्हणजे त्यांच्या एक्सेलच्या फाइलींच्या. मॅडम संध्याकाळी पर्स उचलतात, फाइल उघडीच राहते, आणि उघडी फाइल दिसली की आमचं बॅकअप सॉफ्टवेअर सोवळ्यातल्या माणसासारखं लांबून निघून जातं. विंडोजच्या सर्व्हरमध्ये उघड्या फाइलीचीही प्रत काढण्याची सोय २००३ पासून आहे. आमच्या सॉफ्टवेअरलाही ती वापरता येते, फक्त एका चौकोनात खूण करावी लागते. ती करायची राहिली होती. कुणाची, हे इथे लिहीत नाही. संगणक विभागात एकच माणूस आहे.

उरलेल्या सूचना इतिवृत्तांच्या होत्या आणि त्यांचं कारण कळायला मला दोन दिवस लागले. आमच्याकडे फाइलीला नाव देण्याची एक परंपरा आहे. एका फाइलीचं नाव जसंच्या तसं देतो: ‘वार्षिक सर्वसाधारण सभेचे इतिवृत्त दुरुस्तीनंतरचे अध्यक्षांनी तपासलेले अंतिम खरोखर अंतिम सचिवांच्या सहीसह २०२२-२३’. विंडोजला हे नाव चालतं. पण काळा डबा आतून लिनक्सवर चालतो आणि तिथे फाइलीच्या नावाला २५५ बाइटची मर्यादा आहे. इंग्रजी अक्षर एका बाइटात मावतं. देवनागरीला प्रत्येक खुणेमागे तीन लागतात. काना वेगळा, मात्रा वेगळी, पाय मोडला तर त्याचेही तीन. म्हणजे इंग्रजाला २५५ अक्षरं आणि आपल्याला ८५. अभिजात दर्जा मिळाला तरी ८५च. नाव बसत नाही म्हटल्यावर सॉफ्टवेअर फाइल वगळत होतं, सूचना लिहीत होतं आणि हिरवी खूण करत होतं. त्याच्या परीनं ते प्रामाणिकच होतं.

इतिवृत्तं आम्ही पुन्हा टाइप केली. कशावरून? सहकारात इतिवृत्ताचं बांधीव पुस्तक असतं, कागदाचं, अध्यक्षांच्या सहीचं. ते गोदरेजच्या कपाटात होतं. त्याला कधी कुणी बॅकअप म्हटलं नव्हतं.

मग गेल्या महिन्यात त्याच सॉफ्टवेअरचं अपडेट आलं. सोबत दुरुस्त्यांची आणि सुधारणांची यादी. हा एक वाङ्मयप्रकारच आहे आणि तो मराठीच्या मास्तरांनी शाळेत शिकवायला हवा, कारण कर्मणी आणि भावे प्रयोगाची इतकी उदाहरणं दुसरीकडे मिळणार नाहीत. कर्ता औषधालाही नाही. मी केलेलं भाषांतर असं: ‘काही परिस्थितीत बॅकअप अपुरा राहिला असताना तो यशस्वी असल्याचे दाखवले जात होते, हा दोष दूर करण्यात आला आहे.’ वाचताना बरं वाटतं. मग कळतं, की गेल्या मंगळवारपर्यंत ते खोटं बोलत होतं आणि मी रोज सकाळी साहेबांना ‘हो’ म्हणत होतो. पुढची ओळ: ‘पडताळणीचा पर्याय निवडला असता पडताळणी होत नव्हती.’ त्याच्या पुढची तर सोन्यानं मढवावी: ‘साठवणुकीची जागा संपल्याचा इशारा, जागा संपल्यामुळे, नोंदवला जात नव्हता.’ तक्रारपेटीची चावी तक्रारपेटीतच.

शेवटी नेहमीचं एक वाक्य असतं: ‘याशिवाय कार्यक्षमतेत विविध सुधारणा.’ निवडणुकीच्या जाहीरनाम्यातही याहून जास्त तपशील असतो.

संचालक मंडळाच्या सभेत मी ही यादी ठेवली. विषय क्रमांक सात, ऐन वेळच्या विषयांच्या आधी. भुसार मालाचे व्यापारी असलेले एक ज्येष्ठ संचालक म्हणाले, ‘‘म्हणजे कंपनीनंच कबूल केलंय की माल खराब होता?’’ मी म्हटलं, ‘‘हो काका.’’ ‘‘आणि आपण वर्गणी भरलीय?’’ ‘‘तीन वर्षांची.’’ काकांनी चष्मा काढून पुसला. ‘‘माझ्या दुकानात वडिलांची चोपडी आहे. तिला अपडेट येत नाही.’’

अध्यक्ष अण्णा आधुनिक विचारांचे. ते म्हणाले, असं काय, मोठमोठ्या कंपन्यांचं काही अडत नाही, आपलंच कसं अडतं? म्हणून मला गिटलॅबचं सांगावं लागलं. जगभरचे प्रोग्रामर आपलं काम जिथे सुरक्षित राहावं म्हणून ठेवतात, ती ही कंपनी. ३१ जानेवारी २०१७ रोजी त्यांच्या एका अभियंत्यानं, आपण दुय्यम सर्व्हरवर आहोत अशा समजुतीत, मुख्य डेटाबेसचं फोल्डर पुसायला घेतलं. एक-दोन सेकंदांत चूक लक्षात आली. तोवर सुमारे ३०० जीबीतले साडेचार उरले होते. हरकत नाही, बॅकअपच्या आणि प्रती राखण्याच्या पाच तऱ्हा होत्या. पाचांपैकी एकही भरवशाची निघाली नाही. काही तर मुळात लावलेल्याच नव्हत्या. रोजच्या बॅकअपचं हत्यार ९.२ आवृत्तीचं आणि डेटाबेस ९.६ चा, त्यामुळे ते सुरू होऊन लगेच गप्प व्हायचं. अपयश कळवणारे ईमेल सुटत होते, पण त्यांवर हवी ती डिजिटल सही नसल्यानं समोरून परत ढकलले जात होते. शेवटी वाचवलं कशानं, तर एका कर्मचाऱ्यानं सहा तास आधी वेगळ्याच कामासाठी हातानं काढून ठेवलेल्या प्रतीनं. या कंपनीनं एक गोष्ट मात्र आपल्याकडे कुणी करणार नाही अशी केली: दुरुस्तीचं काम यूट्यूबवर थेट दाखवलं.

‘‘थेट?’’ अण्णा दचकले. ‘‘ते आपल्याला नको.’’

काका म्हणाले, ते अपडेट न केल्यामुळे झालं, केलं की होणार नाही. काका चोपडीवाले, पण तर्कात पक्के. मला क्योटोकडे वळावं लागलं.

क्योटो विद्यापीठाचा महासंगणक. डिसेंबर २०२१. तिथली बॅकअपची स्क्रिप्ट महासंगणक पुरवणाऱ्या कंपनीनं सुधारली. स्क्रिप्टचं एक काम असं, की दहा दिवसांहून जुन्या नोंदींच्या फाइली शोधून काढून टाकायच्या. म्हणजे झाडलोट. सुधारणाही काय वाईट नव्हती; वाचायला सोपं जावं म्हणून आतली नावं जरा नीट केली होती. फक्त जुनी स्क्रिप्ट चालू असतानाच तिच्या जागी नवी ठेवली.

इथे संचालक मंडळ माझ्याकडे बघत राहिलं, म्हणून सत्यनारायण घ्यावा लागला. ही स्क्रिप्ट चालवणारा प्रोग्राम सगळी पोथी आधी वाचून ठेवत नाही. गुरुजींसारखा एकेक ओळ वाचत पुढे जातो. समजा, तिसरा अध्याय चालू आहे आणि कुणीतरी खालून हळूच पोथी काढून सुवाच्य अक्षरातली नवी आवृत्ती सरकवली. गुरुजींचं बोट जिथे होतं तिथूनच ते पुढे वाचणार. पण नव्या पोथीत ‘यजमान कोण’ हे पहिल्या पानावर सांगितलंय आणि ते पान तर यांनी वाचलंच नाही. आता पुढची ओळ म्हणते, ‘‘अमुक यांच्या घरातलं निर्माल्य विसर्जन करा.’’ अमुकच्या जागी कोरं. गुरुजींनी कोऱ्याचा अर्थ ‘सगळं घर’ असा घेतला.

नोंदींच्या फोल्डरऐवजी संशोधकांची मुख्य साठवणूक झाडली गेली. १४ ते १६ डिसेंबर, तब्बल दोन दिवस. ७७ टेराबाइट, सुमारे ३ कोटी ४० लाख फाइली, १४ संशोधन गट. त्यांतल्या चार गटांचं काही परत आणता येणार नाही असं विद्यापीठानं जाहीर केलं. आमच्या संस्थेचा सगळा संसार ४० जीबीचा. म्हणजे आमच्यासारख्या सुमारे १,९०० पतसंस्था दोन दिवसांत साफ, आणि साफ करणारा चोर नाही, व्हायरस नाही, खुद्द बॅकअप. कंपनीनं शंभर टक्के जबाबदारी आपली असं लेखी कबूल केलं. विद्यापीठानं पहिलं काय केलं असेल, तर बॅकअप थांबवलं.

सभेत शांतता पसरली. शिपाई चहा घेऊन आला होता, तो ट्रे धरून तसाच उभा होता. त्याच्या चेहऱ्यावर ‘मी सांगत होतो’ असं स्पष्ट दिसत होतं.

मग चर्चा रंगली. महिला संचालकांनी विचारलं, एकदा परत आणून बघायची रंगीत तालीम का करत नाही? प्रश्न इतका योग्य होता की तो पुढच्या सभेत घेण्याचं ठरलं. एकांनी जागतिक बॅकअप दिन साजरा करावा असं सुचवलं. असा दिवस खरंच आहे, २०११ पासून पाळतात, आणि तो असतो ३१ मार्चला. म्हणजे दुसऱ्या दिवशी एप्रिल फूल व्हायला नको. दिवस ठरवणाऱ्यांनी भारतातली पतसंस्था पाहिली नसावी. ३१ मार्चला आमच्याकडे वर्षअखेर असते. त्या दिवशी रात्री अकरापर्यंत ताळेबंदातला अकरा रुपयांचा फरक शोधत असतो. बॅकअपची आठवण कुणी काढली तर त्याला कॅल्क्युलेटर फेकून मारतील.

शेवटी ठराव झाला: अपडेट करावं, संगणक विभागानं सूचना रोज वाचाव्यात, आणि वाचल्याची सही एका वहीत करावी. वही नवी आणली. तिला कव्हर घातलं.

शनिवारी संस्था बंद झाल्यावर मी अपडेट केलं. आधी बॅकअप थांबवून, क्योटोला स्मरून. उघड्या फाइलींच्या चौकोनात खूण केली. यादीतल्या एका ओळीवर माझी खास मदार होती: ‘लांब नावांच्या फाइली वगळल्या जाण्याचा दोष दूर करण्यात आला आहे.’

सोमवारी सकाळी हिरवी खूण. खाली नुसतं ‘पूर्ण झाले’. सूचना शून्य. साहेबांनी केबिनमधून विचारलं, मी ‘हो’ म्हटलं, वहीत सही केली. मंगळवारी शून्य. बुधवारीही शून्य. गुरुवारी मला झोप लागेना. सात वर्षांत ज्या घरात रोज ४३ तक्रारी होत्या, तिथे एकदम कुणी बोलेना.

शुक्रवारी दुपारच्या सुट्टीत मी डब्यातलं इतिवृत्तांचं फोल्डर उघडलं. दोष खरोखर दूर करण्यात आला होता. लांब नावाची फाइल आता सॉफ्टवेअर वगळत नाही. ते नावच २५५ बाइटांत बसेल असं कापतं. आमच्या फाइलीचं नाव, शेवटचं डॉटडॉक्स धरून, ‘सचिवांच्या’मधल्या ‘सच’वर तुटतं. मी बाइट मोजून पाहिले, बरोबर २५५ भरतात. पण आमच्याकडे दर वर्षी मागच्या वर्षाचीच फाइल कॉपी करतात आणि नावात फक्त शेवटचं साल बदलतात. साल कापलं गेलं. नऊ वर्षांच्या नऊ फाइलींची नावं एकच झाली आणि प्रत्येक नवी फाइल आधीचीवर जाऊन बसली, काही तक्रार न करता.

आता फोल्डरमध्ये एकच फाइल आहे. नावाप्रमाणे खरोखर अंतिम.